खुलताबाद : सावकाश पाहण्याचे गाव

सुट्टीचे बेत ठरू लागले की घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर 'तुम्हाला झेपायचे नाही' असे म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. नाहीतर बरोबर नेले जाते आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर 'तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन बघून येतो' असे सांगितले जाते. दोन्हींच्या मागे काळजीच असते, यात शंका नाही. परंतु गाडीच्या काचेतून दिसलेला वाहनतळ म्हणजे प्रवास नव्हे. ज्या आईवडिलांनी आपल्याला बोट धरून जत्रा दाखवली, त्यांना आपण जत्रेच्या दाराशी बसवून ठेवतो, हे अनेकदा आपल्या लक्षातही येत नाही.

वाचकहो, या लेखात आपण एका अशा ऐतिहासिक गावी जाणार आहोत, जे धावत पाहिले तर अर्ध्या तासात संपते आणि बसत बसत पाहिले तर दोन दिवस पुरत नाही. हे गाव म्हणजे खुलताबाद. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ कि.मी. अंतरावर, देवगिरीचा किल्ला मागे टाकून घाट चढून गेले की पठारावर हे तटबंदीचे जुने गाव लागते. पलीकडे घाट उतरला की चार-पाच किलोमीटरवर वेरूळची लेणी. बहुतेक पर्यटक वेरूळला जाताना या गावातून जातात, थांबणारे थोडेच. ज्येष्ठ प्रवाशाने मात्र येथे अवश्य थांबावे.

सत्तरीपारच्या माणसांचे गाव

या गावाचे जुने नाव 'रौझा', म्हणजे समाधिस्थान अथवा उद्यान. 'खुल्द' या शब्दाचा अर्थ अक्षय धाम, स्वर्ग. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्दमकान' ही पदवी देण्यात आली आणि त्यावरून गाव खुलदाबाद झाले. मराठी बोलीने त्याचे खुलताबाद केले.

या गावाच्या इतिहासात एक गोष्ट आपल्या वयाच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. हे गाव ज्यांच्यामुळे नावारूपाला आले, त्यांतील बहुतेक जण वयोवृद्ध होते.

पहिले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. त्या काळात जी मंडळी दक्षिणेत आली, त्यांत बुऱ्हानुद्दीनही होते. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. त्यांच्याविषयी जुन्या सूफी चरित्रांत एक कथा आढळते. दिल्लीत गुरूंच्या आश्रमात असताना वयोमानाने बसवत नसे, म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. कुणीतरी गुरूंकडे चहाडी केली, की हे स्वतःच गुरू असल्याच्या थाटात आसनावर बसतात. गुरू रागावले आणि बुऱ्हानुद्दीनांना त्यांच्यापुढून उठून जावे लागले. पुढे कवी अमीर खुसरो यांनी मध्यस्थी केली, तेव्हा कुठे राग निवळला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची ही कथा; पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी घेतलेल्या साध्या आसनाचाही गैरअर्थ काढला जातो, हा अनुभव आजच्या अनेक ज्येष्ठांना नवा नसेल. १३३७ मध्ये बुऱ्हानुद्दीन येथेच निवर्तले. त्यांचा दर्गा गावाच्या मध्यभागी आहे.

दुसरा मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहाती फिरत दक्षिणेत पोहोचलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या 'खडकी'वर उभे आहे, ती त्याने १६१० मध्ये वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्या वेळी मलिक अंबरचे वय पंचाहत्तरीच्या आसपास होते. दोन वर्षांनी, १६२६ मध्ये, तो मरण पावला. त्याची घुमटाकार कबर गावाबाहेर शांत माळावर आहे.

तिसरा औरंगजेब. १६८१ च्या अखेरीस तो दक्षिणेत उतरला आणि पुन्हा दिल्लीला परतला नाही. ३ मार्च १७०७ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला खुलताबादेत दफन करण्यात आले. मराठी मनात या नावाशी छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८९ मधील क्रूर हत्येची जखम जोडलेली आहे. ती विसरण्याचे कारण नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे ज्या भूमीशी झुंजण्यात घालवली, तिला न जिंकताच तो तिच्यात विसावला, हेही येथे उभे राहिल्यावर ठळकपणे जाणवते.

हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष, पहिला आसफजाह, १७४८ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर वारला. त्याचीही कबर येथेच, बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्याच्या प्रांगणात आहे.

अशा गावात काठी टेकत चालणारा प्रवासी परका ठरत नाही.

निघण्यापूर्वी

या प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत वृद्धांनी येथे येऊ नये. पावसाळ्यात परिसर हिरवागार आणि मोहक दिसतो. परंतु जुन्या फरशीवर शेवाळ धरते आणि वृद्धापकाळी एका घसरण्याची किंमत खुब्याच्या हाडाने मोजावी लागते. पावसाळ्यातच जायचे असेल तर गाडीतून निसर्ग पाहावा, दगडी पायऱ्यांचा मोह टाळावा.

प्रवासाआधी दोन-तीन आठवडे घराजवळ रोज थोडे चालण्याचा सराव ठेवावा. घरात किती पावले चालता येते यापेक्षा किती वेळ उभे राहता येते हे आधी पाहावे, कारण दर्शनस्थळी चालण्यापेक्षा उभे राहणेच अधिक होते. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, वारंवार येणारी चक्कर यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच बेत ठरवावा.

औषधांच्या बाबतीत एक चूक अनेकदा घडते. वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत, किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने गाळतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाणी घ्यावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेले प्रमाण पाळावे. गोळीची वेळ बदलायची असेल तर तीही विचारूनच. काळजी घेणाऱ्यांनी मात्र वाटेतील स्वच्छतागृहांची ठिकाणे आधीच हेरून ठेवावीत आणि ज्येष्ठांना मागावे लागण्यापूर्वी गाडी थांबवावी. ही एवढी एक गोष्ट केली तर अर्धा प्रवास सुखाचा होतो.

सोबतच्या पिशवीत पुढील वस्तू असाव्यात : औषधांची यादी व दोन दिवस अधिकची औषधे, इन्सुलिन घेत असल्यास ते थंड ठेवण्याची सोय, साखर उतरल्यास लगेच तोंडात टाकण्यासाठी साखर किंवा गूळ, जाड तळाचे स्वच्छ मोजे, डोके झाकण्यासाठी रुमाल, ओळखपत्र, घडीचे हलके स्टूल आणि एक जाड घोंगडी किंवा चादर. बुऱ्हानुद्दीनांची घोंगडी आपल्यालाही उपयोगी पडते. तिची घडी दगडी ओट्यावर टाकली की बसणे आणि उठणे दोन्ही सोपे होते.

ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्या खिशात नाव व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अवश्य ठेवावी. अशा व्यक्तींचा गोंधळ दिवस कलताना वाढतो. म्हणून फिरणे सकाळचे असावे आणि संध्याकाळ मुक्कामाच्या ठिकाणी, ओळखीच्या माणसांत जावी.

पहिला दिवस : गाव

शहरातून सकाळी आठच्या आत निघावे. वाटेत पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला लागतो. शेकडो पायऱ्यांचा आणि अंधाऱ्या भुयाराचा हा गड वृद्धांनी चढू नये. पण रस्त्यावरूनही त्याचा तासलेला कडा आणि चांदमिनार स्पष्ट दिसतो. गाडी सावलीत थांबवून दहा मिनिटे हे दृश्य पाहावे. मोरोक्कोतील टँजिअर शहरात जन्मलेला प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात येथे आला होता. या किल्ल्यातील कोठड्यांत मांजरांपेक्षा मोठे उंदीर होते, असे त्याने नोंदवले आहे. येथून तो नंदुरबारला गेला आणि तेथील मराठी लोकांच्या आहाराविषयी लिहिताना त्याने भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल यांचा उल्लेख केला. मायदेशी परतल्यावर फेज या नगरीत त्याने सांगितलेल्या आठवणींचा ग्रंथ १३५५ मध्ये पूर्ण झाला. आपल्या मुलानातवंडांना आज मोरोक्कोची तटबंदीची शहरे पाहण्याची ओढ वाटते; तेथला माणूस साडेसहाशे वर्षांपूर्वी आपले डोंगर पाहायला येऊन गेला, हे त्यांना या वळणावर सांगावे. सांगण्याचे काम आजोबांचे.

दौलताबादच्या रस्त्यावर हंगामात सीताफळे विकायला असतात. मधुमेह असलेल्यांनी ती टाळलेली बरी. मोह आवरला नाही तर जेवणाला जोडून न खाता अर्धेच खावे आणि त्या दिवशी अन्य गोड टाळावे.

खुलताबादला पोहोचल्यावर प्रथम औरंगजेबाची कबर आणि शेख झैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा पाहावा. दोन्ही एकाच आवारात आहेत. झैनुद्दीन हे बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी. १३६९ मध्ये ते वारले. येथे पादत्राणे काढावी लागतात आणि नेमके हेच मधुमेही ज्येष्ठांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेल्या फरशीचा चटका कळतच नाही; घरी आल्यावर फोड दिसतात. म्हणून दहाच्या आत हे दर्शन आटोपावे, मोजे घालावेत आणि परतल्यावर तळपाय नीट तपासावेत. काही दर्ग्यांत मुख्य कबरीच्या दालनात स्त्रियांना प्रवेश नसतो; अशा वेळी दारातून दर्शन घ्यावे. औरंगजेबाच्या कबरीपाशी पोलीस बंदोबस्त असतो, ओळखपत्राची नोंद करावी लागू शकते. त्यासाठी वृद्धांना उन्हात रांगेत न ठेवता घरातील एकाने पुढे जाऊन चौकशी करावी.

ही कबर पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. ताजमहाल बांधणाऱ्या बादशहाचा हा मुलगा. पण त्याच्या कबरीवर छत नाही. मातीचा भाग मोकळा ठेवलेला असून त्यात सब्जाचे रोप लावलेले असते. फालुद्यात आपण जे बी घालतो, तोच हा तुळशीच्या कुळातील सब्जा. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची; लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने ती विसाव्या शतकाच्या आरंभी बसवली. स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतूनच आपल्या कबरीचा खर्च व्हावा अशी त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते.

रस्ता ओलांडला की समोरच बुऱ्हानुद्दीनांचा दर्गा. येथील प्रांगणात सावली पाहून पंधरा-वीस मिनिटे बसावे. बसल्यावर लगेच उठू नये. वृद्धांच्या शरीरात, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर, एकदम उठताना रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाय थोडे हलवावेत, मग आधार घेऊन उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि नंतर पाऊल टाकावे.

गावातच बनी बेगमची बाग आहे. मुघल पद्धतीची ही चौरस बाग बरीचशी सपाट असल्याने चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांनाही सोयीची पडते. दुपारच्या जेवणाआधीचा वेळ येथे घालवावा.

दुपारी दोन तास विश्रांती हवीच. त्यानंतर भद्रा मारुतीचे दर्शन घ्यावे. येथील मारुतीची मूर्ती उभी नसून आडवी, निद्रिस्त मुद्रेतील आहे. भद्रावती नगरीच्या भद्रसेन राजाने गायिलेले रामाचे भजन ऐकता ऐकता मारुतीराया भावसमाधीत गेले आणि तेथेच पहुडले, अशी आख्यायिका आहे. एरवी पर्वत उचलणारा हा देव येथे ऐकत विसावलेला आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातील शनिवारी आसपासच्या गावांतून व शहरातून हजारो भाविक रात्रभर चालत येथे येतात. त्या दिवसांत वृद्धांना आणू नये; साधा वार निवडला तर दर्शन निवांत होते.

शक्ती उरली असेल तर सायंकाळी मलिक अंबरच्या कबरीपर्यंत गाडीने जावे. उतरणे जमले नाही तरी गाडीचे दार उघडून, तोंड त्या बाजूला करून बसता येते. गाडीत बसून पाहणे आणि गाडीत बसवून ठेवणे यांत फरक आहे.

दुसरा दिवस : परिसर

दुसऱ्या दिवशी वेरूळ. लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. येथे एकूण ३४ लेणी आहेत : १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे एकच पाहावे आणि नीट पाहावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले.

कैलासाचे एक वैशिष्ट्य ज्येष्ठांच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्यातील कितीतरी उत्तम शिल्पे खालच्या प्रांगणातूनच दिसतात. मंदिराचा भार पेलणारे हत्ती, रामायण-महाभारताचे शिल्पपट, दक्षिणेकडील कैलास हलवणारा रावण, हे सारे वरच्या मजल्यावर न चढता पाहता येते. वरचा मजला तरुणांनी पाहून यावा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण पडतो आणि तोलही उतरतानाच जातो, हे विसरू नये. लेण्यांच्या अंधारात उन्हातून एकदम शिरू नये. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांना उजेडातील बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उंबरठ्याला पाय अडखळतो. आवारात माकडे असतात; हातात खाण्याची पिशवी उघडी धरू नये.

जवळच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले. वेरूळ हे भोसले घराण्याचे, मालोजीराजांचे गाव, ही आठवणही येथे करावी. महाशिवरात्र, श्रावण आणि सोमवार सोडून जावे. गाभाऱ्यात दाटी असेल तर कळसाचे दर्शन घेऊन सभामंडपात बसावे. त्यात उणे काही नाही.

दुपारनंतर दोन पर्याय आहेत. एक म्हैसमाळ. खुलताबादपासून सुमारे बारा किलोमीटरवरचे, हजार मीटरहून अधिक उंचीवरचे हे थंड हवेचे ठिकाण. वाहन वरपर्यंत जाते, गिरिजामातेचे मंदिर आहे आणि संध्याकाळचा वारा सुखद असतो. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप जवळ ठेवावा आणि कानटोपी विसरू नये. दुसरा पर्याय शूलिभंजन. संत एकनाथांनी येथे तपश्चर्या केली अशी श्रद्धा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर किल्लेदार होते. डोंगरावरील दत्तमंदिराकडे जाताना शेवटची चढण ज्याने त्याने आपल्या श्वासाला विचारून ठरवावी. बोलता बोलता चालता येत असेल तोवर ठीक. बोलताना धाप लागली की थांबावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, अकारण घाम यांपैकी काही जाणवल्यास तो प्रवासाचा थकवा समजू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे.

घरातील तरुण मंडळींसाठी

आपण ज्येष्ठांना बरोबर नेता, ही मोठी गोष्ट आहे. त्यात आणखी तीन गोष्टींची भर घालावी.

पहिली, बेत त्यांना विचारून आखावा. 'काय काय बघायचे?' असे न विचारता 'एकच गोष्ट बघायची तर कोणती?' असे विचारावे. एखाद्या आजीला लेणी नको असतील, भद्रा मारुतीपुढे तासभर बसायचे असेल. ते बसणे हाच तिचा प्रवास.

दुसरी, हात कसा द्यावा हे शिकून घ्यावे. वृद्ध व्यक्तीचा दंड धरून ओढत नेऊ नये. आपला कोपर पुढे करावा, त्यांनी तो धरावा. पायरी चढताना आपण एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे. वेग त्यांचा, आधार आपला.

तिसरी, काळजी घेणाऱ्यानेही आळीपाळीने मोकळे व्हावे. दोघा भावंडांपैकी एकाने सकाळी आईजवळ थांबावे, दुसऱ्याने लेणी पाहून यावीत, दुपारी अदलाबदल. वर्षभर आजारपण काढणाऱ्या सुनेला किंवा मुलीला सुट्टीतही तेच काम एकटीला लावले, तर तिची सुट्टी झालीच नाही.

कबरींच्या गावातील बोलणे

खुलताबादेत आणखी एक गोष्ट घडते, तिच्यासाठी मनाची तयारी ठेवावी. इतक्या कबरी, समाध्या, दर्गे पाहिल्यावर ज्येष्ठांच्या ओठांवर एखादे वाक्य येते : 'माझे असे करू नका', 'मला दवाखान्यात नळ्या लावून ठेवू नका', 'माझे डोळे दान करा'. आपण लगेच म्हणतो, 'काहीतरी अभद्र बोलू नका!' आणि बोलणे तेथेच मिटते.

ते मिटू देऊ नये. ज्याने अर्धा हिंदुस्थान ताब्यात ठेवला, त्यानेही आपली कबर कशी असावी हे आधी सांगून ठेवले. आपल्या आईवडिलांची इच्छा तर त्याहून साधी असते. फक्त ती कुणीतरी ऐकून घ्यावी लागते. असे वाक्य आले तर थांबावे, शेजारी बसावे आणि 'म्हणजे नेमके कसे हवे?' एवढेच विचारावे. उत्तर लांबले तर लांबू द्यावे. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे.

घरी परतल्यावर हे बोलणे कागदावर उतरवता येते. असाध्य अवस्थेत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो कागद प्रमाणित करता येतो. आपल्या कौटुंबिक डॉक्टरांशी आणि वकिलांशी याबद्दल बोलावे. ऐनवेळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांनी वाद घालण्यापेक्षा, दर्ग्याच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या मंडपात शांतपणे झालेले हे बोलणे कितीतरी बरे.

ज्येष्ठ वाचकहो, आपणही संकोच करू नये. मुले विचारणार नाहीत. त्यांना भीती वाटते. आपणच सुरुवात करावी.

येत्या हिवाळ्यात, साधा वार पाहून, मंगळवार टाळून, दोन दिवस काढावेत. पिशवीत औषधे, पाणी आणि घोंगडी ठेवावी. निघण्याच्या आदल्या रात्री मुलांना एकच अट सांगावी : जेथे गाडी थांबेल, तेथे मीही उतरणार. किती वेळ, किती पावले, ते माझे मी ठरवीन.